ग्रंथपालाला शाल नको, शिक्षण द्या

दरवर्षी 12 ऑगस्ट हा दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या जयंतीचे ते निमित्त. त्या दिवशी गावोगावच्या वाचनालयांत त्यांच्या तसबिरीला हार पडतो, एखादे लोकप्रतिनिधी ग्रंथांच्या महतीवर अर्धा तास बोलतात, ग्रंथपालाच्या खांद्यावर शाल येते, हातात श्रीफळ येते, चहापान होते आणि मंडळी पांगतात. दुसऱ्या दिवशी तोच ग्रंथपाल तेच कुलूप उघडतो व त्याच टेबलामागे जाऊन बसतो. गतवर्षी त्याला जेवढे ठाऊक होते तेवढेच यंदाही असते. कारण मधल्या बारा महिन्यांत त्याला काही शिकवावे, कोठे शिकावयास पाठवावे, हा विचार बहुधा कोणाच्याच मनात आलेला नसतो. सत्काराला आमचा विरोध नाही. माणसाचा मान व्हावा, हे ठीकच. परंतु ज्याला आपण मान देतो त्याच्या हाती त्याच्या धंद्याची हत्यारे द्यावयाची नाहीत, असा हा मान असेल तर तो मान नव्हे, ती बोळवण आहे.

गोमंतकात ग्रंथालयांचे दुर्भिक्ष आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय 1832 साली स्थापन झाले. एवढी जुनी सार्वजनिक ग्रंथसंस्था भारतात शोधूनही फार थोड्या ठिकाणी सापडेल. आज त्या संस्थेला कृष्णदास शामाचे नाव आहे आणि पाटो येथे तिची ऐसपैस इमारत उभी आहे. 1910 साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर येथील हिंदू समाजाला जो थोडा मोकळा श्वास मिळाला, त्या श्वासासरशी त्याने प्रथम काय केले? मराठी शाळा काढल्या आणि वाचनालये काढली. 1993 साली गोव्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा केला. पुस्तके विकत घेण्यासाठी साहाय्य करणारे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान कोलकात्यात 1972 पासून आहे. इमारत आहे, कायदा आहे, कपाटे आहेत, पुस्तकेही येतात. या साऱ्यांवर खर्च झालेला पैसा डोळ्यांना दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते, कोनशिलेवर नाव कोरता येते. माणसाच्या डोक्यात जे घालावयाचे त्याची कोनशिला बसवता येत नाही. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत जाऊन पाहणाऱ्यास या भेदाचा अर्थ लवकर कळतो.

हे दोन तालुके आम्ही मुद्दाम निवडले आहेत. गेल्या दोन दशकांत या भागातील सामान्य कुटुंबावर जेवढी स्थित्यंतरे कोसळली तेवढी क्वचितच दुसरीकडे कोसळली असतील. डिचोलीतल्या खाणी 2012 साली बंद पडल्या, पुढे चालू झाल्या, आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. ट्रकवर, यंत्रावर, बार्जवर पोट भरणारा माणूस एका महिन्यात रिकामा झाला. त्याने करावयाचे काय? दुसरा कोणता धंदा शिकावा, त्यासाठी कोणती योजना आहे, तिचा अर्ज कोठे मिळतो, बँकेने घातलेल्या अटीचा अर्थ काय? मये गावची गोष्ट तर याहून जुनी. पोर्तुगीज राजवट संपल्यावर सोडून गेलेल्यांची मालमत्ता ठरलेल्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या कुळांना 1964 चा कायदा काय म्हणतो आणि 2014 चा कायदा काय म्हणतो, हे समजून घेण्यासाठी किती उंबरे झिजवावे लागले असतील, याचा हिशेब कोण ठेवतो? पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आणि 2023 च्या जानेवारीपासून तेथून विमाने उडू लागली. कोणाची जमीन गेली, कोणाची बागायत गेली, कोणाच्या मुलाला तेथे नोकरी हवी आहे. या प्रत्येक माणसाचा प्रश्न हा आधी माहितीचा प्रश्न असतो, आणि माहितीचे जे एकमेव घर गावात फुकट उघडे असते ते म्हणजे वाचनालय.

आता कल्पना करावी की असा एक गृहस्थ वाचनालयाची पायरी चढला. टेबलामागे बसलेल्या भगिनीला (आज या कामावर पुष्कळ ठिकाणी स्त्रियाच आहेत, आणि तुटपुंज्या मानधनावर आहेत) त्याने विचारले, "बाई, आमच्या जमिनीचे ते राजपत्र कुठे मिळेल?" शिकलेला ग्रंथपाल या प्रश्नावर खुर्चीतून उठतो. सरकारी राजपत्र तीन मालिकांत निघते, कायदा कोणत्या मालिकेत छापला जातो, अधिसूचना कोणत्या, जाहीर नोटीस कोणत्या, हे त्याला ठाऊक असते. संगणकावर ते कसे काढावे हे ठाऊक असते. आणि आपल्याकडे नसेल तर ते पणजीस कोणाकडे मागावे, हेही ठाऊक असते. न शिकलेली ग्रंथपाल भगिनी ओशाळून म्हणते, "आमच्याकडे कादंबऱ्या आहेत." तिचा यात काय दोष? राजपत्र हा शब्दच तिला तिच्या कामाचा भाग म्हणून कोणी सांगितलेला नसतो. गृहस्थ पायऱ्या उतरतो आणि दलालाकडे जातो. ग्रंथपालाच्या शिक्षणावर जो पैसा वाचला तो त्या दलालाच्या खिशात गेला, असा याचा जमाखर्च आहे.

कोणी म्हणेल, ही फार मोठी अपेक्षा झाली. वाचनालयाचे काम म्हणजे पुस्तक द्यावे, पुस्तक घ्यावे, वहीत नोंद करावी. बरे, तेवढेच काम धरू. तेही न शिकता होते काय? सीमेलगतच्या एका गावी आम्ही एका वाचनालयाची कपाटे पाहिली. कुसुमाग्रजांची 'विशाखा' एका कपाटात 'क' खाली होती आणि 'नटसम्राट' दुसऱ्या खोलीत 'श' खाली, शिरवाडकरांच्या नावे. दोन्ही नावे एकाच माणसाची, हे मराठी माणसाला सांगावयास नको. परंतु दोन नोंदींना जोडणारी तिसरी नोंद करावी लागते, तिचा नियम असतो, आणि तो नियम शिकावा लागतो. मराठी ग्रंथसूचीत अशी कोडी पावलोपावली आहेत. केशवसुतांना दामल्यांत शोधावे की केशवसुतांत? बोरकरांचे पुस्तक मागणारा पेडण्याचा म्हातारा 'बाकीबाब' म्हणून मागतो, ते कोठे पाहावे? ज्ञानेश्वरी धर्माच्या कपाटात ठेवावी की काव्याच्या? ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्यास 891.46 हा क्रमांक आहे आणि हिंदू धर्मास 294.5. ज्ञानेश्वरी नुसती धर्माच्या कपाटात गेली तर मराठी काव्याचा अभ्यास करणारा विद्यार्थी तिच्यापर्यंत पोचत नाही. नुसती काव्यात गेली तर सकाळी पूजा आटोपून येणारे आजोबा हात हलवत परत जातात. आणि फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'चे काय करावे? 1616 साली रायतूर येथे छापलेले हे पुराण ख्रिस्ती आहे, ओवीबद्ध आहे आणि मराठी आहे. ते ज्याला नीट ठेवता आले त्याला गोमंतकाचा अर्धा इतिहास कळला, असे आम्ही समजतो. हे कारकुनीचे काम नव्हे.

त्यात आता संगणक आला. संगणक आला की वाचनालय आधुनिक झाले अशी समजूत आमच्या संस्थाचालकांत घट्ट आहे. शासनाच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने 'ई-ग्रंथालय' नावाची प्रणाली तयार केली आहे, न्यूझीलंडमधील ग्रंथपालांच्या गरजेतून जन्मलेली 'कोहा' ही प्रणाली तर कोणालाही विनामूल्य घेता येते. प्रणाली फुकट मिळते. ती चालवण्याचे ज्ञान फुकट उगवत नाही. परिणाम असा की, एकाच लेखकाचे नाव रोमी लिपीत तीन प्रकारांनी टंकिलेले सापडते आणि शोधणाऱ्याला तिन्हींपैकी एकही हाती लागत नाही. काही ठिकाणी तर युनिकोडच्या पूर्वीच्या जुन्या टंकात सबंध यादी टंकिली गेली. यंत्र बदलले तेव्हा त्या यादीचे अक्षर न अक्षर निरर्थक चिन्हांत बदलून गेले आणि वर्षांची मेहनत वाया गेली. एका आठवड्याच्या वर्गात हे टळले असते.

पावसाळ्याविषयी तर काय लिहावे! वर्षाला सुमारे 3,000 मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात पुस्तकाचे पहिले वैरी ओल, वाळवी आणि कसर हे होत. कपाट भिंतीपासून किती अंतरावर असावे, बुरशी आलेले पुस्तक उन्हात टाकावे की सावलीत वाऱ्यावर वाळवावे, जुन्या कागदाला चिकटपट्टी लावणे म्हणजे त्याचा नाश कसा, हे साधे ज्ञान आहे. सोळाव्या शतकातील गोमंतकी मराठी व कोंकणी कथांची रोमी लिपीतील हस्तलिखिते आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत, ती पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने जपली म्हणून. ती येथे असती तर त्यांचे काय झाले असते, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवतो. पेडणे महालातील देवळांतून, जुन्या घरांतून मोडी दप्तरे अजून आहेत. ती एक दिवस वाचनालयाच्या दारात येतील. आली तर त्यांना हात कसा लावावा हे ठाऊक असलेला माणूस तेथे असावा.

"दहावी शिकलेला कोणीही हे काम करील" असे म्हणणाऱ्यांस आम्ही खुद्द रंगनाथनांची कथा सांगू इच्छितो, कारण ज्यांच्या तसबिरीला हार घालतो त्यांचे चरित्र आपण वाचत नाही. रंगनाथन हे गणिताचे अध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांना ग्रंथालयशास्त्राचा गंधही नव्हता. काही दिवसांतच त्या शांत, रिकाम्या खोलीला ते इतके कंटाळले की, आपणांस परत अध्यापनाकडे जाऊ द्यावे, अशी विनंती घेऊन ते आपल्या प्राचार्यांकडे गेले. आधी इंग्लंडला जाऊन शिकून या, मग ठरवा, असे त्यांना सांगण्यात आले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स यांच्या हाताखाली ते शिकले, सेयर्स यांचेच क्रॉयडनचे सार्वजनिक ग्रंथालय त्यांनी पाहिले आणि आणखीही कितीतरी ग्रंथालये पायाखाली घातली. लहान मुले, कामगार, गृहिणी ग्रंथालयात कशा वावरतात हे त्यांनी तेथे पाहिले. 1925 साली परतलेला मनुष्य निराळाच होता. 1929 साली त्यांनी मद्रासेत ग्रंथपालांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला आणि 1931 साली आपली पाच सूत्रे प्रसिद्ध केली. एवढा बुद्धिमान पुरुष न शिकता या कामाला कंटाळला आणि शिकल्यावर त्यात आयुष्य घालवता झाला. मग तुटपुंज्या मानधनावरची, कोणी काही न शिकवलेली आमची ग्रामीण ग्रंथपाल भगिनी दुपारी टेबलावर डोके टेकून बसली तर तिच्यावर हसण्याचा अधिकार कोणाला आहे?

आणि हे सारे परदेशांतूनच आणावे लागते असेही नाही. ज्यांची मातृभाषा मराठी होती त्या सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात हे शंभर वर्षांपूर्वी करून दाखविले. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी डोळसपणे पाहिली आणि 1910 साली विल्यम बॉर्डन नावाच्या अनुभवी अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. बॉर्डनने आल्यावर इमारतीची मागणी केली असेल, पुस्तकांचीही केली असेल. परंतु 1911 साली त्याने जे काढले तो ग्रंथपालांचा वर्ग होता. हिंदुस्थानातील ग्रंथालयशिक्षणाचा तो आरंभ. गावोगाव ग्रंथालये पसरावयाची तर आधी ती चालविणारी माणसे तयार झाली पाहिजेत, ही गोष्ट त्या द्रष्ट्या राजाला उमगली होती. आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: 1912 साली बडोद्याहून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे ग्रंथालयविषयक त्रैमासिक निघू लागले आणि त्यात इंग्रजी व गुजराती यांच्या जोडीला मराठीतही मजकूर असे. बॉर्डन परत गेल्यावर ती चळवळ पुढे नेणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर हे होते. त्यांचे आडनाव वाचून आमच्या सीमेवरच्या वाचकाला जरा आपलेपणा वाटेल, तो वाटावाच! म्हणजे 1912 साली मराठी जाणणाऱ्या ग्रंथपालाला आपल्या व्यवसायाचे नवे ज्ञान आपल्या भाषेत वाचावयास मिळत होते. आज पेडण्याच्या ग्रंथपालाने तेच मागितले तर त्याच्या हाती इंग्रजी पुस्तिका दिली जाते. पुढे 1945 साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो भारतातला असा पहिला कायदा. मद्रासचा सुप्रसिद्ध कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला. मराठी मुलखाने या क्षेत्रात पहिली पावले टाकली आणि मग वाटेतच बैठक मारली, असे म्हणावे लागते.

इतर खात्यांशी तुलना केली तर हा अन्याय अधिक उघडा पडतो. विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालय घ्या, नाहीतर सांखळीचे शासकीय महाविद्यालय घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे महाविद्यालयीन ग्रंथपालाला पदोन्नतीसाठी उजळणी वर्ग करावे लागतात. शिकत राहणे ही त्याच्या नोकरीची अट आहे आणि त्याबद्दल वेतनश्रेणीचे फळही आहे. त्याच महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर गावचे वाचनालय असते. तेथील ग्रंथपालाला अट नाही, वर्ग नाही, फळही नाही. प्राध्यापकांच्या मुलांना पुस्तक देणारा शिकत राहावा आणि शेतकऱ्याच्या, खाणकामगाराच्या मुलाला पुस्तक देणारा अडाणी राहिला तरी चालेल, हा कोणता न्याय? अंगणवाडी सेविकेला प्रशिक्षण आहे, प्राथमिक शिक्षकाला आहे, पोलीस शिपायाला आहे. समाजाच्या बुद्धीची किल्ली ज्याच्या कमरेला त्यालाच तेवढे नाही. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनाम्याने 1994 साली ग्रंथपालाचे व्यावसायिक आणि निरंतर शिक्षण अपरिहार्य ठरविले. भारत सरकारने 2014 साली ग्रंथालयांचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, तेव्हा ग्रंथपालांची क्षमता वाढविणे हे त्याचे एक अंग होते. त्या अभियानातून या दोन तालुक्यांतील किती ग्रंथपाल किती दिवस शिकून आले, त्यांची संख्या सरकारने जाहीर करावी. आम्ही ती ठळक टाइपात छापू.

आता सीमेकडे वळू. 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला आणि गोमंतक वेगळा राहिला. त्या निर्णयाची चर्चा आज करावयाची नाही. परंतु राज्याची सीमा ही ज्ञानाचीही सीमा ठरावी काय, एवढे विचारावयास हरकत नसावी. न्हयबागचा पूल ओलांडला की सातार्डा; तेथून सावंतवाडी दूर नाही, आणि सावंतवाडीत 1852 साली स्थापन झालेले श्रीराम वाचन मंदिर आहे. महाराष्ट्रात जिल्हा ग्रंथालय संघ ग्रंथालयशास्त्राचे प्रमाणपत्र वर्ग चालवितात, ते मराठीतून चालतात, आणि शासनाचे ग्रंथालय संचालनालय त्यांची परीक्षा घेते. पदवी नसलेल्या, नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या माणसासाठी हीच खरी शिडी आहे. पेडण्याच्या ग्रंथपालाला जी भाषा येते त्या भाषेत, ज्या बसने तो बाजाराला जातो त्या बसच्या वाटेवर हे शिक्षण आहे. परंतु महाराष्ट्राचा कायदा 1967 चा, कर्नाटकाचा 1965 चा, गोव्याचा 1993 चा. प्रत्येक राज्याची व्यवस्था आपापल्या कायद्याखालच्या ग्रंथालयांपुरती आखलेली. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 पासून उभे आहे. त्याच्या आसपासच्या खेड्यांतील मराठी वाचनालयांची कथा आमच्या कथेहून फार वेगळी नाही. तीन राज्यांच्या कडेला एकच भाषा बोलणारे, एकच पुस्तके लावणारे, एकच अडचणी सोसणारे ग्रंथपाल आहेत आणि त्यांनी एकत्र बसून चार दिवस शिकावे अशी सोय कोठेही नाही.

यावर कोणी असा समज करून घेऊ नये की महाराष्ट्रात सारे आलबेल आहे. तेथे 2022 साली ग्रंथालयांच्या अनुदानात 60 टक्के वाढ झाली असा मोठा गाजावाजा झाला. त्या वाढीनंतर सर्वांत खालच्या 'ड' वर्गातील गावच्या ग्रंथालयाच्या वाट्याला वर्षाला 48,000 रुपये आले, पूर्वी 30,000 होते. बारा महिन्यांनी भागा: 4,000 रुपये. त्यात पुस्तके, वृत्तपत्रे, वीज, जागेचे भाडे आणि ग्रंथपालाचे वेतन! प्रमाणपत्र मिळवून मनुष्य या पगारावर किती दिवस राहील? शिक्षण द्यावयाचे आणि पोटाला द्यावयाचे नाही, हाही एक कावा आहे, आणि गोव्याने शिक्षणाची वाट महाराष्ट्राकडून घ्यावी, पगाराची नव्हे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. गोवा सरकारने महाराष्ट्राच्या ग्रंथालय संचालनालयाशी बोलून मराठी प्रमाणपत्र परीक्षेचा उपयोग आपल्या पंचायत व संस्थांच्या ग्रंथपालांना होईल असे करावे आणि ते प्रमाणपत्र मिळविणाऱ्याचे मानधन वाढवावे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी पेडण्यात आणि डिचोलीत एकेक आठवड्याचा वर्ग घ्यावा; शिकविण्यास पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील अनुभवी मंडळी यावीत, महाविद्यालयांचे ग्रंथपाल यावेत. वर्ग मराठीत व कोंकणीत व्हावा. येथे भाषावादाचे जुने भूत उठवावयाचे कारण नाही. जी भाषा ग्रंथपालाला समजते तीत त्याला शिकवा, एवढेच आम्ही म्हणतो. मुलांच्या वाचनापुरते बोलावयाचे तर खुद्द पणजीत 'बुकवर्म' ही संस्था काम करीत आहे आणि टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाने ग्रंथालयात मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी हिंदी व इंग्रजीत अभ्यासक्रम उभा केला आहे. घरच्या अंगणात एवढे ज्ञान असता आमच्या खेड्यांतील ग्रंथपालांनी त्याचे नावही ऐकू नये, ही शरमेची गोष्ट आहे.

एक अडचण मात्र फार क्षुल्लक दिसते आणि तीच सगळ्यांत मोठी आहे. गावच्या वाचनालयात माणूस एकच असतो. तो शिकावयास गेला की दाराला कुलूप लागते, मग सभासद ओरडतात, मग कार्यकारी मंडळ म्हणते, "तुम्ही जाऊ नका." कितीही वर्ग काढा, जोपर्यंत त्या आठवड्यापुरता बदली माणूस आणि त्याची मजुरी यांची तरतूद नाही तोपर्यंत वर्गातील खुर्च्या रिकाम्याच राहतील. जाण्यायेण्याचे भाडे आणि जेवण हेही त्यात धरले पाहिजे. चार-पाच हजारांवर संसार करणाऱ्या भगिनीने ते पदरचे करावे अशी अपेक्षा करणारा अधिकारी स्वतः प्रवासभत्त्याचा शेवटचा रुपया सोडीत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

संस्थाचालकांसही आमचे दोन शब्द कडू लागतील. आपला पुतण्या रिकामा आहे म्हणून त्याला वाचनालयात बसवावे, ही आमच्या गावांतील जुनी रीत आहे. पुतण्यावर आमचा राग नाही. परंतु त्याला बसविल्यानंतर शिकवावे असे काकांना का वाटू नये? गणेशोत्सवाच्या मंडपाला गावाकडून जेवढी वर्गणी निघते तिचा विसावा हिस्सा जरी बाजूला काढला तरी एक ग्रंथपाल दरवर्षी शिकून येईल. आणि ग्रंथपालांनीही सरकारची वाट पाहत बसू नये. पेडण्यातील दहा ग्रंथपालांनी महिन्यातील एक रविवार दुपार आळीपाळीने एकेका वाचनालयात जमावे, एकाने दुसऱ्याचे कपाट पाहावे, आपली अडलेली नोंद दाखवावी, दोडामार्ग-सावंतवाडीकडील बंधूंनाही बोलवावे. याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

आमच्या वाचकांनी मात्र एक काम करावे. येत्या ग्रामसभेत, किंवा आपल्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत, उठून पंचायतीस व कार्यकारी मंडळास विचारावे: गेल्या तीन वर्षांत आपल्या ग्रंथपालाच्या प्रशिक्षणावर किती रुपये खर्च झाले, तो किती दिवस कोठे शिकावयास गेला, आणि पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात यासाठी किती रक्कम धरली आहे? प्रश्न लेखी द्यावा आणि उत्तर लेखी मागावे. जे उत्तर येईल ते, गावाच्या नावासह, आमच्याकडे धाडावे. या पानावर त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.